‘सत्यघटनेवर आधारित’ पुस्तकात खरं कुठे संपतं?

मुखपृष्ठावर ‘सत्यघटनेवर आधारित’ असं छापलेलं असतं. पहिल्याच पानावर खुनी जिना चढतोय. त्याच्या तळहाताला घाम आलाय आणि त्याला लहानपणीच्या घरातला रॉकेलचा वास आठवतोय. इथे वाचणारा थबकतो. हा वास लेखकाला कुणी सांगितला? खुनी फाशी गेलेला आहे, ज्याचा खून झाला तो बोलू शकत नाही आणि जिन्यावर तिसरं कुणीच नव्हतं.

कामगारांवरच्या पुस्तकांतही असंच होतं. तीस वर्षं मान खाली घालून काम केलेला माणूस अचानक मालकासमोर दोन पानांचं भाषण करतो, अगदी अवतरणचिन्हांत. तो खरंच असं बोलला का?

अशा पुस्तकावर किंवा त्यावरून निघालेल्या मालिकेवर एखादा नातेवाईक आक्षेप घेतो, बातम्या येतात आणि ‘हे खरं की खोटं’ असा वाद रंगतो. वाद बहुतेक वेळा तिथेच अडकून बसतो, कारण ही पुस्तकं अख्खी खरी नसतात आणि अख्खी खोटीही नसतात. खरे तुकडे आणि रचलेले तुकडे त्यांत एकमेकांना जोडलेले असतात. सांधा कुठे आहे आणि तो लेखकाने दाखवलाय की लपवलाय, हे वाचकाला कळायला हवं.

फुटलेलं मडकं कसं जोडतात

उत्खननात सापडलेलं मडकं संग्रहालयात ठेवायचं असतं तेव्हा सगळ्या खापऱ्या कधीच मिळत नाहीत. मिळालेल्या खापऱ्या जागेवर बसवतात आणि उरलेल्या जागी प्लास्टर भरतात, नाहीतर मडकं उभंच राहणार नाही. पण चांगला कारागीर त्या प्लास्टरला मूळ मातीपेक्षा जरा वेगळी छटा देतो. लांबून मडकं अखंड दिसतं. जवळ गेलं की जुनं कुठलं आणि नवं कुठलं ते कळतं. तेच प्लास्टर हुबेहूब मातीच्या रंगात रंगवलं तर पाहणाऱ्याची फसवणूक होते.

या लेखात त्या प्लास्टरला ‘भर’ म्हणू. आणखी तीन शब्द एकदाच सांगून ठेवतो. ‘हे घडलं आहे’ असा दावा करणारं लेखन ते कथेतर. असा दावा न करणारं ते कल्पित. खरी घटना आणि खरी कागदपत्रं घेऊन ती कादंबरीसारखी, प्रसंग आणि संवादांतून सांगितली, की तिला दस्तऐवजी कादंबरी म्हणतात. आपला विषय मुख्यतः ही तिसरी जात.

ती नवी नाही. लंडनमध्ये १६६५ साली प्लेग आला. त्यावर डॅनियल डिफोचं ‘अ जर्नल ऑफ द प्लेग इयर’ १७२२ मध्ये निघालं. पुस्तकावर डिफोचं नाव नव्हतं. प्लेगचा सगळा काळ लंडनमध्येच राहिलेल्या एका नागरिकाने हे लिहिलंय, असं आतल्या पहिल्या पानावर म्हटलं होतं. प्रत्यक्षात प्लेगच्या वेळी डिफो जेमतेम पाच वर्षांचा होता. मृत्यूंचे आठवडावार तक्ते त्याने खऱ्या नोंदींतून घेतले, पण ते सांगणारा ‘एच. एफ.’ नावाचा माणूस त्याने उभा केला. आकडे अस्सल, आवाज रचलेला, आणि भर थेट मातीच्याच रंगात. कित्येक वाचकांनी ती खरी आठवणवहीच समजली.

गुन्ह्याची फाइल असते, कामाची नसते

भर घालायची वेळ का येते, हे कळायला आधी लेखकाच्या टेबलावर काय असतं ते पाहावं लागतं. गुन्ह्यावर लिहिणारा आणि कामावर लिहिणारा, या दोघांच्या अडचणी एकमेकांच्या उलट असतात. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण या पुस्तकांवरच्या चर्चेत ती क्वचितच येते.

खून झाला की कागद तयार होऊ लागतात. पहिली खबर, घटनास्थळाचा पंचनामा, नकाशा, शवविच्छेदनाचा अहवाल, साक्षीदारांचे जबाब, आरोपपत्र, उलटतपासणी, निकालपत्र, मग अपील. कुठलं दार किती वाजता उघडलं, दिवा चालू होता की बंद, हे सगळं लेखकाला मिळतं. पण ही फाइल दोनच प्रश्नांसाठी तयार झालेली असते: कुणी केलं, आणि ते सिद्ध होतं का? या दोन प्रश्नांच्या कामाचं नाही ते गळून जातं. शिवाय जबाबातले शब्द साक्षीदाराचे असतातच असं नाही. एखादी साक्षीदार बाई म्हणालेली असते, “मी विचारलं तर तो काहीच बोलला नाही.” कागदावर येतं, “मी विचारणा केली असता सदर इसमाने समाधानकारक उत्तर दिले नाही.” ‘समाधानकारक’ हा शब्द लिहून घेणाऱ्याचा आहे. म्हणजे लेखक ज्याला कच्चा माल समजतो, तो आधीच कुणीतरी शिजवलेला असतो.

एवढे कागद असूनही माणसाच्या मनात काय चाललं होतं ते फाइलमध्ये नसतं. म्हणून गुन्ह्याच्या पुस्तकात भर पडते ती मनात: हेतू, भीती, पश्चात्ताप, शेवटचा क्षण.

कामाचं नेमकं उलट. एक माणूस तीस वर्षं कारखान्यात जातो. त्याचा माग कुठे राहतो? हजेरीपटावर, पगारचिठ्ठीत, उत्पादनाच्या आकड्यात, फार तर अपघाताच्या नोंदवहीत. यातली एकही वही त्याने लिहिलेली नसते. सगळ्या त्याच्या कामाचा हिशेब ठेवणाऱ्यांच्या असतात. भट्टीजवळची धग, लघवीला जायची परवानगी मागताना वाटलेली लाज, पाळी संपल्यावर हातांना राहणारा कंप, यांची नोंद कुणीच ठेवत नाही. लेखकाला ते माणसाच्या तोंडून ऐकावं लागतं किंवा स्वतः जाऊन करावं लागतं.

जर्मन पत्रकार ग्युंटर वाल्राफ याने दुसरा मार्ग घेतला. डोळ्यांत गडद लेन्स, डोक्यावर टोप, नाव ‘अली’, असा तुर्की मजुराचा वेष घेऊन तो कंत्राटी कामं करत राहिला आणि १९८५ मध्ये ‘गान्त्स उन्टेन’ हे पुस्तक आलं. तिथे रचलेली गोष्ट लेखकाच्या अंगावर होती. नोंदी प्रत्यक्षातल्या होत्या. अमेरिकेतल्या बार्बरा एरनराइक यांनी कमी पगाराची कामं स्वतः करून २००१ मध्ये ‘निकल अँड डाइम्ड’ लिहिलं आणि आपले नियम सुरुवातीलाच मांडले: शिक्षणाच्या जोरावर मिळणारं काम घ्यायचं नाही, मिळेल त्यात जास्त पगाराचं काम घ्यायचं, परवडेल ती स्वस्त जागा घ्यायची. सवलती कुठल्या घेतल्या, तेही सांगितलं: गाडी कायम जवळ असेल, आणि बेघर व्हायची किंवा उपाशी राहायची वेळ आली तर प्रयोग थांबेल. त्या दोन ओळींमुळे पुस्तकाचं वजन वाढतं. खऱ्या कामगाराला प्रयोग थांबवता येत नाही, हे वाचकाला तिथेच कळतं.

कामाच्या पुस्तकात भर पडते ती घटनांत. खरं काम म्हणजे तेच ते, रोज. पुस्तकाला मात्र कथानक लागतं. मग वीस वर्षांतले अपमान एका आठवड्यात येतात, बारा कामगारांची दुखणी एकाच्या अंगावर येतात.

भर कुठे कुठे घालतात

सर्वांत जास्त भर संवादांत पडते. दहा वर्षांपूर्वीचं बोलणं कुणालाच शब्दशः आठवत नाही. आशय आठवतो, एखादा झोंबलेला शब्द आठवतो. तरीही पुस्तकात दोन-दोन पानं अवतरणचिन्हं चालतात. ती न्यायालयातल्या नोंदीतून, ध्वनिमुद्रणातून किंवा पत्रातून आली असतील तर प्रश्नच नाही. आठवणीतून आली असतील तर काटेकोर लेखक अवतरणचिन्हं काढून टाकतो आणि लिहितो, ‘तिच्या आठवणीप्रमाणे तो म्हणाला की…’ वाक्य जरा अडखळतं, पण सांधा दिसतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९९१ मध्ये हाच प्रश्न आला होता: अवतरणातले शब्द बदलले की ते आपोआप खोटं ठरतं का? न्यायालयाने सांगितलं की नुसते शब्द बदलल्याने नाही. अर्थात मोठा फरक पडला तर ठरतं. कायद्याला ही रेघ पुरते. वाचकाने जरा जास्त मागावं, कारण माणूस शब्द कुठले निवडतो त्यावरून तो कुठून आलाय, कुणाला घाबरतो, हे कळत असतं.

दुसरी जागा पात्रांची. तीन परिचारिकांची मिळून एक, पाच सुरक्षारक्षकांचा मिळून एक. याला संमिश्र पात्र म्हणतात. त्याचा खरा उपयोग आहे: नोकरी जायची भीती असलेल्या माणसाला लपवता येतं. तोटा हा, की मोजमाप बिघडतं. पगारकपात, अपघात, छळ आणि घर रिकामं करायची नोटीस हे सगळं एकाच बाईच्या वाट्याला आलेलं वाचून एका वाचकाला वाटतं, सगळ्यांचंच असं असतं. दुसऱ्याला वाटतं, इतकं कुणाचंच नसतं. किती जणांवर काय गुदरलं, हे दोघांनाही कळत नाही.

काळ आवळणं ही तिसरी जागा, आणि ती तुलनेने निरुपद्रवी, जोवर आधी काय आणि नंतर काय हा क्रम बदलत नाही. क्रम बदलला की कारणही बदलतं: संपाआधी मिळालेली नोटीस संपानंतर दाखवली, तर तिची शिक्षा होते.

शेवटाकडे मात्र थांबून पाहायला हवं. अमेरिकेत कॅन्ससमधल्या होल्कम्ब गावात १५ नोव्हेंबर १९५९ रोजी एका शेतकरी कुटुंबातल्या चौघांचा खून झाला. ट्रुमन कपोटी याने त्यावर ‘इन कोल्ड ब्लड’ लिहिलं. १९६५ मध्ये ते नियतकालिकात क्रमशः आणि १९६६ मध्ये पुस्तकरूपात आलं. दोन्ही खुन्यांना १४ एप्रिल १९६५ रोजी फाशी झाली होती. पुस्तकातलं सगळं खरं आहे, असा कपोटीचा ठाम दावा होता. पुस्तक संपतं स्मशानभूमीत: तपास अधिकाऱ्याला मारल्या गेलेल्या मुलीची मैत्रीण भेटते, दोन शब्द बोलणं होतं, ती निघून जाते आणि गव्हावरून वारा वाहत राहतो. फार सुंदर शेवट आहे, आणि तो घडलेलाच नाही. फाशीच्या दोरावर पुस्तक संपवणं कपोटीला जड जात होतं. आयुष्य पुढे चालू राहिल्याचं दाखवणारा एक प्रसंग त्याला हवा होता.

पण या पुस्तकातली जास्त गंभीर भर दुसरीकडे आहे. खून कुणी केले याची खबर मिळाल्यावर पोलिसांचा माणूस त्याच संध्याकाळी एका संशयिताच्या आईवडिलांच्या शेतघरी पोचला, असं पुस्तक सांगतं. २०१३ मध्ये उजेडात आलेल्या तपासाच्या कागदांनुसार तिथे जायला पाच दिवस लागले होते. स्मशानातल्या प्रसंगाने कुणाचं काही बिघडत नाही. या पाच दिवसांनी तपास यंत्रणेचं चित्रच बदलतं. एक भर कलेसाठी होती, दुसरीने एका कार्यालयाला झाकलं.

एक उतारा जवळून पाहू

हा उतारा या लेखासाठी रचलाय; तो कुठल्याही पुस्तकातला नाही. विषय कारखान्यातला, पॉवर प्रेसवरचा अपघात. हे यंत्र धातूचा तुकडा साच्यात दाबून त्याला आकार देतं; त्या तुकड्याला जॉब म्हणतात आणि साच्याला डाय.

‘पहाटेचे पावणेतीन वाजले होते. जॉब डायमध्ये अडकला. त्याने हात आत घातला. मुलीची फी उद्या भरायची होती आणि त्याचं मन तिथेच घुटमळत होतं. सुपरवायझर ओरडला, “अरे, मशीन बंद कर!” पण वेळ निघून गेली होती.’

प्रत्येक वाक्याला विचारू: तू कशावर उभं आहेस?

पावणेतीनची वेळ अपघाताच्या नोंदवहीतून आली असणार. ती वही कुणी भरली आणि कधी? पाळी संपताना अंदाजाने भरली असेल तर पावणेतीन म्हणजे ‘अडीच ते तीनच्या मध्ये कधीतरी’. हजेरीपट पाहिला तर आणखी एक गोष्ट कळू शकते: ही त्याची त्या दिवसातली पहिली पाळी होती की दुसरी. जॉब अडकल्याचं शेजारच्या प्रेसवरचा माणूस सांगू शकतो. हात आत घातल्याचं तो स्वतः सांगेल.

सुपरवायझरचं ओरडणं कुणी सांगितलं? खुद्द सुपरवायझरने सांगितलं असेल, तर ते त्याच्या बचावाचं वाक्य आहे, आणि लेखकाने ते साक्षीचं नाव न देता घटना म्हणून छापलंय. पॉवर प्रेसच्या खात्यात काही वेळ उभा राहिलेला लेखक आणखी एक प्रश्न विचारेल: त्या आवाजात, कानांत बोळे असताना, ते ओरडणं ऐकू तरी गेलं असतं का?

आता न लिहिलेलं. अशा प्रेसला बहुधा दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय वरचा भाग खाली येत नाही, म्हणजे दोन्ही हात बाहेरच राहतात. मग हात आत असताना प्रेस खाली आलीच कशी? एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलं असेल. पुढचा गार्ड काढून ठेवला असेल. असं का करतात? अडकलेला जॉब काढायला प्रत्येक वेळी मशीन बंद करून पुन्हा सुरू करायचं म्हटलं तर वेळ जातो आणि टार्गेट तेवढंच राहतं. चिकटपट्टी कोणी लावली, ती किती दिवस होती, येता-जाता कुणाकुणाला दिसत होती? हे देखभालीच्या नोंदींतून आणि चार कामगारांशी बोलून कळू शकतं. उताऱ्यात यातलं काहीच नाही.

आणि चौथं वाक्य, मुलीच्या फीचं. वाचताना गलबलून येतं. हा विचार त्या माणसाने स्वतः सांगितला असेल तर ठीक. लेखकाने तो मायेपोटी घातला असेल, तर त्या मायेने नुकसान केलंय. कारण या एका वाक्याने अपघाताचं कारण बदललं. आता हात गेला तो लक्ष नसल्यामुळे. चिकटपट्टी, गार्ड, टार्गेट, कुणाचीच गरज उरली नाही. वाचक त्या माणसासाठी हळहळतो आणि त्याच वेळी दोषही त्याच्याच पदरात टाकतो.

म्हणून मनातला रचलेला विचार कधीच तटस्थ नसतो. गुन्ह्याच्या पुस्तकात ‘त्याच्या डोळ्यांत थंडपणा होता’ हे वाक्य आरोपीला शिक्षा देतं, ‘क्षणभर त्याला आईची आठवण आली’ हे वाक्य शिक्षा कमी करतं. भर सापडली की ती खरी आहे का हे तर विचारावंच, पण तिच्यामुळे दोष कुणाकडून कुणाकडे सरकला, हेही विचारावं.

‘मग सरळ कादंबरीच लिहावी ना?’

लिहावी, आणि कधीकधी तेच सर्वांत प्रामाणिक असतं. अप्टन सिंक्लेअर १९०४ मध्ये सात आठवडे शिकागोच्या कत्तलखान्यांच्या वस्तीत राहिला आणि ‘द जंगल’ लिहिलं. त्यातलं लिथुआनियन कुटुंब कल्पित आहे, कादंबरी म्हणूनच ते पुस्तक आलं. मांसाच्या कारखान्यांचं वर्णन मात्र पाहिलेलं-ऐकलेलं. फेब्रुवारी १९०६ मध्ये पुस्तक निघालं. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी दोन माणसं तपासणीला पाठवली. अस्वच्छतेचं बहुतेक वर्णन खरं निघालं. चरबीच्या टाक्यांत पडलेल्या कामगारांच्या गोष्टीला मात्र पुरावा मिळाला नाही. ३० जून १९०६ रोजी मांस तपासणीचा आणि शुद्ध अन्नाचा असे दोन कायदे झाले.

कादंबरीने कायदा घडवला म्हणून हे उदाहरण नेहमी दिलं जातं. त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. सिंक्लेअरला कामगारांचे हाल दाखवायचे होते. वाचकांनी उचललं ते स्वतःच्या ताटात येणारं मांस. लोकांच्या काळजावर नेम धरला होता आणि बाण पोटात लागला, अशा अर्थाचं तो स्वतःच पुढे म्हणाला. जे थेट तपासता आलं, त्यावर कायदा झाला. कुटुंब कल्पित होतं, आणि त्याच्या दुःखाची चौकशी करायला कुणाला पाठवणार?

कादंबरीची किंमत इथे आहे. ती मनाच्या आत जाऊ शकते, पण ‘हे रचलेलं आहे’ म्हणून बाजूला सारायची सोयही सोबत देते.

‘भर न घालता असं पुस्तक उभंच राहणार नाही’

या आक्षेपाला उत्तर कपोटीच्या नऊ वर्षं आधीच अर्जेंटिनात दिलं गेलं होतं. ९ जून १९५६ च्या रात्री तिथे लष्करी सरकारविरुद्ध उठाव झाला. पोलिसांनी एका घरावर छापा घालून माणसं पकडली आणि पहाटे होसे लेऑन सुआरेस इथल्या उकिरड्यावर नेऊन त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. काहीजण मेले, काही निसटले. ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या त्यांतला एक माणूस जिवंत आहे, असं काही महिन्यांनी रोदोल्फो वाल्श या लेखकाच्या कानावर आलं. तोवर तो गुप्तहेरकथा लिहायचा. त्याने वाचलेल्यांना शोधून काढलं आणि १९५७ मध्ये ‘ओपेरासिऑन मासाक्रे’ लिहिलं. ते कादंबरीसारखं वाचलं जातं: माणसं, घरं, संध्याकाळ, रेडिओवरची मुष्टियुद्धाची लढत.

पण पुस्तकाचा कणा एका नोंदवहीत आहे. मारलेल्यांना लष्करी कायद्याखाली शिक्षा झाली, असं सरकारचं म्हणणं. वाल्शने सरकारी रेडिओची नोंदवही मिळवली. लष्करी कायदा लागू झाल्याची घोषणा १० जूनला रात्री १२ वाजून ३२ मिनिटांनी झाली होती. माणसं पकडली गेली ती त्याआधी, ९ तारखेच्या रात्री साडेअकराच्या सुमाराला. ज्या कायद्याखाली त्यांना मारलं तो त्यांच्या अटकेच्या वेळी अस्तित्वातच नव्हता. या एका तासाइतका थरार कुठल्याही रचलेल्या संवादात येणार नाही.

‘नावं बदलली की झालं’

होत नाही. कॅलिफोर्नियात एका कादंबरीत रुग्णांवर समूहोपचार करणारा एक डॉक्टर दाखवला होता. नाव वेगळं, रंगरूप वेगळं, केस वेगळे. तरीही त्या पद्धतीने उपचार करणाऱ्या एका मानसशास्त्रज्ञाने दावा केला आणि १९७९ मध्ये अपील न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. त्याला ओळखणाऱ्यांना तो पुस्तकात ओळखू येत होता, आणि जे त्याने केलं नव्हतं ते त्याच्या नावावर पडलं होतं. म्हणजे अर्धवट मुखवटा सर्वांत वाईट: खऱ्या तपशिलांमुळे माणूस ओळखू येतो आणि रचलेल्या तपशिलांमुळे बदनाम होतो.

भारतात याबाबतचा पायाभूत निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, १९९४ चा, आर. राजगोपाल खटल्यातला. खुनांसाठी फाशीची शिक्षा झालेल्या ‘ऑटो शंकर’चं आत्मचरित्र एक तमिळ साप्ताहिक छापणार होतं, आणि त्यात काही अधिकाऱ्यांशी असलेले त्याचे संबंध येणार होते. न्यायालयाने सांगितलं की सरकार किंवा अधिकारी असं लेखन आधीच रोखू शकत नाहीत. न्यायालयीन कागदपत्रांसारख्या सार्वजनिक नोंदींत जे आलंय, ते संमतीशिवायही छापता येतं. त्यापलीकडे गेलं तर खासगीपणाचा भंग होऊ शकतो. भर जिथे सुरू होते, जवळपास तिथेच धोकाही सुरू होतो. लैंगिक अत्याचार सोसलेल्या व्यक्तीच्या बाबतीत तर नाव नोंदींत असलं तरी ते छापू नये, असंही त्यात आहे. अशी ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ओळख म्हणजे फक्त नाव नाही. ज्यावरून माणूस शोधता येईल असा कुठलाही तपशील त्यात येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय.

‘भाव खरा असेल तर तपशील चुकला म्हणून काय बिघडलं?’

हा आक्षेप मी हलका मानत नाही. माणसाचं दुःख तारीख चुकल्याने खोटं होत नाही. पण जेम्स फ्राय याच्या ‘अ मिलियन लिटल पीसेस’चं काय झालं ते पाहा. व्यसनातून बाहेर येण्याची ही आत्मकथा २००३ मध्ये आली आणि लाखोंनी खपली. ८७ दिवस तुरुंगात काढल्याचा त्याचा दावा होता. जानेवारी २००६ मध्ये एका संकेतस्थळाने पोलिसांचे कागद काढले: कोठडी होती काही तासांची. प्रकाशकाने वाचकांना पैसे परत देऊ केले. नुकसान पैशांत मोजता येणारं नव्हतं. ज्यांनी व्यसनातून सुटायला या पुस्तकाचा आधार घेतला होता, त्यांच्या हातातली काठी निघून गेली, आणि पुढे कुणी आपली खरी कहाणी सांगितली तरी ऐकणारा आधी संशय घेणार. खोटी भर घालणारा सुटून जातो. किंमत मोजतात ते खरं सांगणारे.

पंधरा मिनिटांत काय पाहता येतं

वाचकाने प्रत्येक पुस्तकाचा पंचनामा करावा असं कुणी म्हणणार नाही. पण कथा सुरू करण्याआधी पंधरा मिनिटं दिली तर बरंच कळतं.

आधी आतलं हक्कांचं पान. ‘सर्व पात्रे काल्पनिक’ असं तिथे असेल आणि मुखपृष्ठावर ‘सत्यकथा’ असेल, तर दोन्ही दावे एकाच वेळी करून पुस्तक दोन्हीकडची जबाबदारी टाळतंय. मग मनोगत. ‘काही नावं बदलली आहेत’ एवढंच असेल तर अपुरं; कुठली माणसं एकत्र केली, कुठला काळ आवळला, संवाद कशावरून लिहिले, हे चार ओळींतही सांगता येतं. मग शेवटच्या टीपा आणि ऋणनिर्देश. ऋणनिर्देशात पोलीस अधिकारी, वकील आणि व्यवस्थापक आहेत आणि मारल्या गेलेल्याच्या घरचं किंवा एकाही कामगाराचं नाव, निनावी उल्लेखही नाही, तर पुस्तक कुणाच्या खांद्यावरून पाहतंय ते समजतं.

यानंतर मधलं कुठलंही एक पान उघडा आणि पेन्सिलने तीन खुणा करा: ज्याला कागद असू शकतो त्या वाक्याला एक, ज्याला साक्षीदार असू शकतो त्याला दुसरी, ज्याला दोन्ही असू शकत नाही त्याला तिसरी. तिसरी खूण ज्या वाक्यांवर आली, त्यांच्यामुळे कोण चांगलं ठरतंय आणि कोण वाईट, ते पाहा. एका पानाला पाच मिनिटंही लागत नाहीत.

आणि पुढची आवृत्ती निघाली असेल तर ती चाळा. पहिल्या आवृत्तीवर ज्यांनी हरकत घेतली त्यांचं काय झालं, हे तिथे दिसतं. स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी अफगाण युद्धावरून जस्ताच्या शवपेट्यांत परत आलेल्या सोव्हिएत सैनिकांवर पुस्तक लिहिलं, बहुतेक आया आणि सैनिकांच्या तोंडचं. त्यातल्याच काहींनी, आमचे शब्द वळवले, म्हणून मिन्स्कच्या न्यायालयात त्यांना खेचलं. पुढच्या आवृत्त्यांत त्या खटल्याची कागदपत्रं पुस्तकाच्याच शेवटी जोडलेली आहेत. आधी त्या माणसांची कहाणी आणि काही पानांनंतर त्यांच्यातल्याच काहींची तक्रार, एकाच बांधणीत.